शेजारचा ब्रेक

"धडक बसली की आपोआप उघडते." सेल्समनने स्टिअरिंगवर टिचकी मारून एअरबॅगचं कौतुक संपवलं.

"धडक बसल्यावर," हळूसर म्हणाले.

"हो, सर."

"आणि बसायच्या आधी?"

हा प्रश्न सेल्समनच्या ट्रेनिंगमध्ये आलेला नव्हता. त्याने टाय सारखा केला. "आधी ब्रेक असतो ना, सर."

हळूसरांनी वाकून शेजारच्या सीटपुढची जागा पाहिली. तिथे नवंकोरं कारपेट होतं, कारपेटवर प्लास्टिक होतं. बाकी काही नव्हतं.

हळूसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. 'हळू' या एका शब्दावर त्यांनी उभी हयात काढली होती. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं आणि पुढे घरीदारीही तेच रुळलं. आता स्कूल बंद होणार होतं आणि मालक तिथली छोटी गाडी त्यांना पडेल भावात द्यायला तयार होता. त्याच गाडीतून ते शोरूमला आले होते. ती बाहेर रस्त्याकडेला उभी होती, काचेवरचा लाल 'एल' अजून तसाच. त्यांच्या मुलीला हायवेपलीकडच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. रोज एकटीने गाडी चालवत जायचं आणि यायचं. तिला नवी गाडी हवी होती. हळूसरांना ती बाहेरची.

त्यांची कारणं सकाळपासून चालू होती. नवी गाडी शोरूमच्या दाराबाहेर पडली की तिची किंमत उतरते. तिच्यावरचा पहिला ओरखडा आपल्याच कातडीवर उठतो. आणि इतक्या नवशिक्यांच्या तावडीतून जी गाडी जिवंत सुटली, ती आता कुणालाच भीक घालणार नाही. दुसरा गिअर टाकताना ती जो आवाज काढते त्याला जिवंत म्हणत नाहीत, एवढंच मुलगी म्हणाली. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक होता.

शेवटी तीच बोलली. "बाबा, त्या गाडीत रोज माझ्या शेजारी कोण बसणार आहे?"

"मी आता रिकामाच आहे."

"रोज?"

"रविवार सोडून."

सेल्समन हसला. दुसरं कुणी हसत नाही हे बघून त्याने घाईने दार उघडून धरलं.

टेस्ट ड्राइव्हला मुलगी चालवायला, हळूसर शेजारी, सेल्समन मागे. गाडी चांगली होती, हीच अडचण होती. आवाज नाही, हादरा नाही. आपण किती जोरात चाललो आहोत हे कळायला मार्गच नाही. दुसऱ्या वळणावर गल्लीतून एक स्कूटर थेट पुढ्यात आली. हळूसरांचा उजवा पाय आपसूक खाली गेला, होता नव्हता तो जोर लावून, आणि प्लास्टिकवरून घसरला. जिना संपलाय हे न कळता पुढच्या पायरीसाठी पडावा, तसा.

गाडी थांबली. स्कूटरवाला शिवी न देता गेला, म्हणजे मध्ये बरंच अंतर राहिलं असणार. मागे सेल्समनचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"ब्रेक उत्तम आहेत हिचे," तो म्हणाला.

"मी दाबला, बाबा," मुलगी म्हणाली.

"हो."

"तुम्ही नाही. मी."

हळूसर आपल्या बुटाकडे बघत राहिले. तिला त्यांनीच शिकवलं होतं, त्या बाहेरच्या गाडीत. कुत्रं आलं, सायकल आली, हातगाडी आली की त्यांचा पाय पडायचा. तिचाही पडत असेल. गाडी थांबायची आणि ते 'शाबास' म्हणायचे. त्यातली किती शाबासकी कुणाच्या पायाची, हे त्यांना आजवर कळलेलं नव्हतं. कळून घ्यायचं तर आपला पाय आवरावा लागला असता, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती.

शोरूमशी परत आल्यावर मुलीने सांगितलं की तिला एक फेरी एकटीने मारायची आहे, सिग्नलवरून वळसा घेऊन लगेच परत. नियमाप्रमाणे सेल्समनने सोबत जायला हवं होतं. त्याने कपाळ चाचपलं आणि नियम जरा सैल केला.

"हळू," हळूसर खिडकीत वाकून म्हणाले.

तिने मान हलवली आणि काच वर घेतली.

ते फुटपाथवर, स्कूलच्या गाडीजवळ उभे राहिले. रस्ता सरळ होता आणि सगळं स्वच्छ दिसत होतं. न दिसतं तर बरं झालं असतं. नव्या गाडीच्या मागच्या काचेतून एकच डोकं दिसत होतं आणि त्याच्या शेजारी रिकाम्या सीटची पाठ. सिग्नलच्या अलीकडे एका दुकानासमोरून सामानाचा टेम्पो मागे न बघता रिव्हर्स घेऊ लागला.

हळूसरांचा पाय फरशीवर दाबला गेला.

लांबवर गाडीचे मागचे लाल दिवे लागले.

टेम्पो सावकाश रस्त्यावर आला, रस्ता आपल्याच नावावर असल्यासारखा मध्येच जरा थांबला, मग निघून गेला.

"मॅडम मस्त चालवतात, सर," सेल्समन म्हणाला. "मग नवीनच बुक करू ना?"

हळूसरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात ते लाल दिवे विझले. गाडी पुढे सरकली, सिग्नलला वळली आणि दिसेनाशी झाली.

त्यांनी पाय अजून उचलला नव्हता.