रिग्रेट या शब्दाचा अर्थ

रविवार, १४ नोव्हेंबर १९९३. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी पुतळी पेणच्या रामवाडीत सॉलोमन मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसली. हातात कंपनीचं पत्र होतं.

पत्र जूनमधलं, इंग्रजीत टाइप केलेलं, सहा ओळींचं. पुतळीला अक्षरओळख नव्हती. धरमतरच्या बाजूला मिठागरावर राबणारी ही विधवा दर रविवारी पेणला येई आणि तेच पत्र मास्तरांकडून वाचून घेई. येताना मास्तरांच्या बायकोसाठी, फ्लोराबाईंसाठी, बोय मासे आणी. या ज्यू घरात खवल्यांचाच मासा चालतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

पत्रात असं होतं, की कळवण्यास खेद वाटतो, तुमचा मुलगा जगन रोह्याच्या कारखान्यात कामावर असताना मरण पावला. जूनमध्ये मास्तरांनी ते मनात वाचलं, मान वर करून पुतळीकडे पाहिलं आणि सांगितलं, की जगनला कंपनीनं गुजरातच्या कामावर पाठवलंय, इतक्यात रजा नाही, म्हणून साहेबांना खेद वाटतो. पुतळी म्हणाली, परत वाचा.

तेव्हापासून मास्तर दर आठवड्याला वाचत आले. कधी जगनची शिफ्ट बदलली, कधी त्याच्या अंगावर मांस चढलं. सहा ओळींत एवढं कसं मावतं, हे पुतळीनं विचारलं नाही. रोहा एसटीनं फार लांब नाही. ती चौकशीला जाईल, ही मास्तरांना धास्ती होती. जाते, असं ती कधी म्हणाली नाही.

आता मंगळवारी मास्तर आणि फ्लोराबाई कायमचे इस्रायलला निघणार होते, मुलाकडे, डॅनियलकडे. फ्लोराबाईंनी सकाळीच बजावलं होतं. चाळीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान पिळलेत, आज स्वतःचा पिळा आणि तिला सांगून टाका. आपल्यामागे दुसऱ्या कुणी हे वाचलं, तर ती तिथंच कोसळेल.

मास्तरांनी चष्मा पुसला. ते शब्दापासून सुरू झाले. वर्गातही तसंच करत.

"हा शब्द आहे रिग्रेट. जागा भरली तरी लिहितात, गाडी रद्द झाली तरी लिहितात. आणि..." ते थांबले. "माणूस गेला तरी हाच लिहितात."

"मंजे लिवणाऱ्याला वाईट वाटतं?"

"वाटतंच असं नाही. लिहायची पद्धत आहे. चूक आमची, असं म्हणायचं तर शब्द वेगळा."

"तो हाय ह्यात?"

"नाही."

आत फ्लोराबाईंनी भांडी आवरणं थांबवलं.

"पुतळीबाई, हे पत्र मी तुला आजवर..."

"मास्तर," ती म्हणाली, "रजेचं वाचा. ऊन चढतंय, मना लांब जायचंय."

मास्तरांनी कागद डोळ्यांसमोर धरला. जगनला शिमग्याला रजा मिळेल, असं त्यांनी वाचलं. आईला लुगडं आणणार, असंही वाचलं.

"रंग लिवलाय?"

"हिरवा."

"रांडमुंड बाईला हिरवं लुगडं?" पुतळी हसली. "अक्कल नाय त्याला. पयल्यापासून नाय."

मास्तरांना पुढचं वाचवेना. पुढच्या रविवारी आम्ही इथं नसू, एवढंच ते म्हणाले. ठावं हाय, असं पुतळी म्हणाली. तिनं पत्र घडीवर घडी घालून कमरेला खोचलं आणि दाराशी आलेल्या फ्लोराबाईंना विचारलं, "तिकडं बोय मिलतो का गो वैनी?"



मंगळवारी सकाळी दहाला मास्तरांची टॅक्सी मुंबईकडे निघाली. त्या बाईला आपण फसवून चाललो, हे त्यांनी वाटेत तीनदा बोलून दाखवलं.

जगनचा मृतदेह ताब्यात दिल्याची नोंद रोह्याच्या पोलीस ठाण्यात आहे. तारीख ९ जून १९९३, पत्र पेणला येण्याच्या सोळा दिवस आधीची. ओळख पटवणाऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा आहे. खाली नाव लिहिलंय: पुतळी, मयताची आई.