नेटीचे मासे

व्हर्लनने गळाला लागलेला बास मासा वर ओढला, सवयीने त्याच्या डोक्याची पापी घेतली आणि त्याला पाण्यात सोडायला वाकला.

"थांबा, डॅडी," आर्लिन म्हणाली. "त्याचं अंग तरी बघा."

डोकं हे एवढं, आणि मागे अंग नुसतं सुरीच्या पात्यासारखं. खरं तर बापाचीही तीच गत होती. बायको, नेटी, गेल्यापासून त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली होती. चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेलं जेवण फ्रिजमध्ये तसंच पडून होतं. हे कानावर आलं तशी लेक मोंटगोमेरीहून धावत आली होती.

"तुझ्या आईने या तळ्यातला एकही बास कधी मारू दिला नाही," व्हर्लन म्हणाला. "प्रत्येकाची पापी घेऊन सोडायची."

"आणि दर शुक्रवारी बादलीभर ब्रीम मासे तळायची! बास जगतात ते त्या ब्रीमच्या पिल्लांवर. त्यांच्या ताटातलं आपण फस्त केलं, आणि खाणारी तोंडं मात्र वाढवत बसलो."

मासा व्हर्लनच्या हातात वळवळत होता.

"थोडे बास काढले तरच बाकीचे अंग धरतील," आर्लिन हळूच म्हणाली. "आईच्या दारातून कुणी उपाशी गेलंय का कधी, डॅडी?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. बायकोवर त्याचा फार जीव होता, आणि आता ती त्याला फक्त या तळ्यात भेटत होती. त्याने माशाकडे बराच वेळ पाहिलं आणि तो बर्फाच्या पेटीत ठेवला. मग आणखी एक. मग आणखी एक. झाकण लावताना दरवेळी तो तोंड फिरवी.

पुढच्या खेपेला गळाला ब्रीम आला. तळहाताएवढा, तांबूस पोटाचा, कढईत अगदी चपखल बसेल असा. व्हर्लनचा हात आपसूक पेटीकडे गेला आणि मध्येच थांबला.

त्याने ब्रीमची पापी घेतली.

"जा बाबा," तो म्हणाला. "पोरंबाळं वाढव."

ब्रीम सुळकन पाण्यात गेला. व्हर्लनने पँटला हात पुसले आणि लेकीकडे वळला.

"आर्लिन, आईची ती बिडाची कढई तापव. बास घोळवायला मक्याचं पीठ वरच्या फळीवर असेल बघ. भूक लागलीय मला."