गॅरेजमधली ऊब

अपघातात नवरा गेला, गाडीचाही चक्काचूर झाला. तेव्हापासून गॅरेज रिकामंच होतं. सासूबाईंचे गुडघे आता जिना चढू देईनात, म्हणून तिथं त्यांच्यासाठी खोली करायचं तिने ठरवलं आणि कंत्राटदाराला बोलावलं. शटरच्या जागी भिंत, एक खिडकी आणि नवी फरशी, एवढंच काम.

पण फरशी काही बसेना.

"वहिनी, मधली जागा संध्याकाळी तापते हो. सिमेंट धरतच नाही," कंत्राटदार म्हणाला. "खालून गरम पाण्याचा पाइप गेलाय का?"

"छे! इथं साधा नळसुद्धा नाही."

त्याने खणून पाहिलं. खाली नुसती माती होती, आणि तीही कोमट.

तिने हात टेकवला आणि तसाच ठेवला. नवरा कामावरून आला की गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ती त्याच्याशी बोलत उभी राहायची. तेव्हा तळव्याला लागायची, तीच ही ऊब.

ती रोज संध्याकाळी तिथं येऊन बसू लागली. कंत्राटदार बिचारा तोवर खिडकीचं काम उरकत राहिला.

मग एका संध्याकाळी त्याने खुशीत हाक मारली. "वहिनी, जमीन गार पडली बघा! आता फरशी बसवतो, उद्या भिंतही उभी करतो."

ती धावत खाली आली. जमीन खरंच गारठली होती. तिने शटर पार वर सारलं आणि अंधारत चाललेल्या रस्त्याकडे बघत दारात उभी राहिली.

"भिंत राहू द्या," ती म्हणाली. "आज ह्यांना उशीर झालाय."