पुढची ओळ

“न कळणारे शब्द लेकीसमोर घोकू नकोस गं,” आमच्या प्रॉम्प्टरबाई म्हणाल्या होत्या. “लहान मुलं ते सांभाळून ठेवतात.”

मी हसले. “अहो बाई, दोन वर्षांची झाली तरी तिला अजून ‘आई’ म्हणता येत नाही. जर्मन कुठून येणार?”

जर्मन तर आम्हा गाणाऱ्यांनाही येत नाही. अख्खा ऑपेरा आम्ही पोपटासारखा पाठ केलाय. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक लाकडी खोकं आहे. त्यात बसून बाई आधी नखाने दोनदा टकटक करायच्या, मग पुढच्या ओळीचा पहिला शब्द कुजबुजायच्या.

गेल्या महिन्यात बाई वारल्या. खोकं रिकामंच ठेवलंय.

त्याच आठवड्यात, मी घरी गाताना लेक पलंगाच्या कठड्यावर नखाने टकटक करू लागली. प्रत्येक ओळीआधी, दोनदा. “पोरीला ताल आहे हो,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. मलाही बरं वाटलं.

आज दुपारच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, मी ओळ विसरले. रिकाम्या खोक्यातून टकटक आली. मग शब्द आला, अगदी अचूक, माझ्या लेकीच्या आवाजात.

मी गायले. दुसरं काय करणार होते? त्यापुढची प्रत्येक ओळ तिनेच दिली. पडदा पडता पडता खोक्यातून अगदी हळू आलं, “आई.”

अजून एक अंक बाकी आहे. सासूबाई फोन उचलत नाहीयेत. तुम्ही वाचताय ना? आमच्या घरी जा. लेक पलंगावर आहे का, तेवढं बघा.