जयसिंगपूरचा पत्ता

"नवऱ्याचं नाव सांगा, बाई," कारकून तिसऱ्यांदा म्हणाला.

धोंडुबाईनं पदर पुढं ओढला. मागं रांगेत पंचवीस-तीस बाया, आणि सगळ्यांचे कान इकडंच.

विधवांच्या अनुदानाची पहिली मनीऑर्डर सोमवारी सुटायची होती. त्याआधी जिनं तिनं कोल्हापूरला कचेरीत येऊन नाव, गाव, पत्ता तोंडानं सांगायचा आणि कारकुनानं तो कागदाशी ताडून बघायचा. चुकलं की यादीतून नाव गळालं. धोंडुबाईच्या घरी दोन पोरी होत्या आणि पिठाचा डबा कालच झाडून झाला होता.

"अहो, गेला तो. आता कसली लाज?"

पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे हाडीमाशी मुरलेलं. कारकुनाला काय जातंय सांगायला.

"आकाराम बापू," तिच्यासंगं आलेला पटकेवाला शेवटी बोलला. भर चैतात अंगावर घोंगडं घेऊन तो मघापासून खांबाला टेकून उभा होता.

"हे पावणं कोण?"

"घरचंच हाईत," धोंडुबाई पुटपुटली.

कारकुनानं साक्षीदाराच्या रकान्यात 'दीर' लिहून टाकलं. रकाना भरला की झालं.

"मयत कशानं?"

"गुऱ्हाळात. चरकात सापडला," पटकेवालाच म्हणाला. धोंडुबाईचा हात कपाळाकडं गेला आणि तसाच माघारी आला.

"दाखला बरोबर आहे. मनीऑर्डर तुमच्या गावी, बिद्रीलाच ना?"

"न्हाय, न्हाय," ती पहिल्यांदाच घाईनं बोलली. "जयसिंगपूरला. भावाच्या पत्त्यावर. त्येवढं बदलून घ्या की. बिद्रीच्या पोष्टमनकडं नगं."

कारकुनानं मान हलवली. "बरं केलंत. नवरा गेल्यावर माहेराचाच आधार. जपून राहा, बाई."

त्या मऊ बोलण्यानं तिला मेल्याहून मेल्यागत झालं. तो खेकसला असता तर बरं झालं असतं. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"पावणं, तुमचं नाव?"

"जोतीराम," पटकेवाला जरा थांबून म्हणाला.

"सही येते?"

"येत हुती."

कारकुनानं शाईचा पॅड पुढं सरकवला. पटकेवाल्यानं घोंगड्यातून डावा हात काढून अंगठा उठवला. बिद्री खोडून जयसिंगपूर झालं. कागदावर शिक्का बसला.

स्टँडपर्यंत दोघं चालत आली, ती पुढं, तो चार हात मागं. एकमेकांकडं बघायचं धाडस कुणालाच होईना. बिद्रीची गाडी लागली होती. दोघं मागच्या बाकड्यावर बसली. गाडी गावाबाहेर पडली तरी धोंडुबाई खिडकीकडं तोंड करून पदरात रडतच होती.

पटकेवाल्यानं उकडतंय म्हणून घोंगडं बाजूला केलं. सदऱ्याची उजवी बाही कोपरापासून रिकामी लोंबत होती; चरकानं नेला तो एवढा हातच. डाव्या हातानं त्यानं खिशातून एक पितळेची डबी काढली, झाकण काढायचा प्रयत्न केला, मग तशीच तिच्या मांडीवर ठेवली.

"कुकू लाव," तो खाली बघत म्हणाला. "मी हाय की अजून."