सामायिक गॅलरी

स्वस्त घरांच्या त्या इमारतीत आर्किटेक्टनं मुद्दामच सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एका गॅलरीकडे काढल्या होत्या. कुणी कुणाला परकं राहू नये म्हणून. ती मात्र लेकीला घेऊन, कुणालाही पत्ता न कळवता इथे आली, तेव्हापासून खिडकी लावूनच घ्यायची. जिन्यात पाऊल वाजलं तरी ती दाराची कडी पुन्हा तपासायची. शेजारच्या काकूंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा "हे परगावी असतात, नोकरीला," असं सांगून तिनं वेळ मारून नेली होती. पण काकूंच्या मायेनं ती हळूहळू सैलावली, आणि आज पहिल्यांदाच खिडकी सताड उघडून तिनं चहा टाकला.



खिडकीत काकूंचा हसरा चेहरा आला. "अगं, दार उघड आधी! तुझे अहो खाली घर शोधत होते बिचारे, मीच घेऊन आले वर."