निळी पाय उगारते तेव्हा

कांचनबुरीत मला सगळे कोळीवाला म्हणतात. बिळात राहणारे टॅरँटुला कोळी मी बावीस वर्षं पाळतोय. त्यांतल्या माझ्या निळीला नीट दिसत नाही, पण जमिनीवर पाऊल पडलं की हादरा कळतो. मग ती बिळाबाहेर येते आणि त्या दिशेला पुढचे पाय उगारून सुळे दाखवते. उगाच कधीच उगारत नाही.

म्हणून तिची पेटी उंचावर, जाड स्पंजवर असते. आज मांडणी रंगवायला काढली आणि पेटी लाकडी जमिनीवर ठेवली. चूक माझीच.

भर दुपारी मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलो होतो. निळी बाहेर आली आणि तिने दाराकडे पाय उगारले.

दारात कोणी नव्हतं.

"लामयाई, वर आलीस का गं?" मी बायकोला हाक मारली.

"माझ्या सवतीला भेटायला? माझं खेटर अडलंय!" ती खाली अंगणातून ओरडली.

"मग कोण आलंय?"

"पायरीशी तुझ्याच चपला आहेत. दुसऱ्या कुणाच्या नाहीत."

निळी खिडकीकडे वळली. मग कपाटाकडे. शेवटी सावकाश माझ्याकडे. सुळ्याच्या टोकावर थेंब लोंबत होता.

माझे पाय अजून खुर्चीवरच होते.

बराच वेळ ती तशीच राहिली. मग एकेक पाय खाली घेऊन शांतपणे बिळात गेली.

बावीस वर्षांत याचा एकच अर्थ निघालाय. चालणारा थांबला.